ओएसटी सुरू करताना खिडकीवर अडलेलं घोडं

माझा धाकटा भाऊ गर्द टोचून घ्यायचा. त्याला ओएसटीसाठी, म्हणजे सुईने नशा करण्याऐवजी दवाखान्यातून रोज औषध घेण्याच्या उपचारासाठी, तयार करणं अवघड जाईल असं वाटलं होतं. ते सुईने नशा करणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या आउटरीचवाल्या, म्हणजे वस्तीत येऊन भेटणाऱ्या, दादांनी सहज जमवलं. तेच त्याला नव्या सुया देऊन वापरलेल्या परत न्यायचे, त्यामुळे तो त्यांचं ऐकायचा.

घोडं अडलं सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर.

ओएसटीतली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज नर्ससमोर जिभेखाली ठेवायची असते. पहिला डोस टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, चढल्यावरच देतात. नशा अंगात असताना दिला तर त्या गोळीनेच टर्की उसळते. म्हणून भाऊ रात्रीपासून काहीही न घेता आलेला. नाक गळतंय, पाय ओढतायत, जांभयांवर जांभया. आणि खिडकीतले साहेब म्हणतात, "आधी एचआयव्हीचा रिपोर्ट आणा, मग केसपेपर." तपासणीची खोली तर बंद. मी विनवण्या केल्या, आवाज चढवला; साहेबांनी पुढच्याला हाक मारली. भाऊ म्हणाला, "ताई, पाच मिनिटांत येतो." त्या पाच मिनिटांचा अर्थ मला ठाऊक होता. दुसऱ्याची सुई, दुसऱ्याचं पाणी, जे मिळेल ते. एचआयव्ही टाळायला जी गोळी, ती मागणाऱ्यालाच रिपोर्टपायी पुन्हा सुईकडे पिटाळायचं! अजून आठवलं की डोकं फिरतं.

त्याची बाही घट्ट धरून दादांना फोन केला. ते आले आणि थेट डॉक्टर मॅडमकडे गेले. मॅडमनी दोन वाक्यांत निकाल लावला: चाचणी ऐच्छिक, गोळीसाठी अट नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेही माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. हे आधी माहीत असतं तर मीच खिडकीवर ऐकवलं असतं. तेव्हा पहिल्या दिवशी आउटरीच वर्करला सोबत न्याच.

गोळी विरघळेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. गिळली तर बरीचशी वाया जाते. थोड्या वेळाने भावाने स्वतःहून चहा मागितला.

चाचणी त्याने नंतर समुपदेशकाशी बोलून स्वखुशीने केली. रिपोर्ट मी विचारला नाही, तो त्याचा आहे. हेपटायटिस सीचीही करून घ्या, तोही सुईतून पसरतो आणि त्यावरचे उपचार सरकारी योजनेत मोफत आहेत. गोळी सुरू झाली तरी नव्या सुया घेणं लगेच थांबवू नका. पाय घसरला तर निदान सुई स्वतःची असू दे. कापूस आणि चमचासुद्धा. जवळचं ओएसटी केंद्र माहीत नसेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा. नोकरी असेल तर केंद्राची वेळ आधीच विचारा, कारण रोज जायचं असतं.