शिल्लक १४ लाख

एकाच वर्षाचा हिशेब पाहून संस्थेची प्रकृती कळत नाही, म्हणून गेल्या वर्षी वारज्यातील एका छोट्या विश्वस्त संस्थेच्या लेखापरीक्षणाला जाताना मी नऊ वर्षांचे ताळेबंद मागवून घेतले. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी बालवाड्या चालवणारी ही संस्था. खजिनदार काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यांनी पासबुक पुढे केले आणि म्हणाले, "१४ लाख शिल्लक आहेत, मॅडम. काळजी नाही."

काळजी ताळेबंदाच्या डाव्या, म्हणजे देण्यांच्या, बाजूला होती. ठरावीक कामांसाठी मिळालेल्या आणि अद्याप खर्च न झालेल्या देणग्या तिथे १७ लाखांच्या दिसत होत्या. म्हणजे देणगीदारांचे ३ लाख रुपये भलत्याच खर्चात गेले होते.

नऊ ताळेबंद टेबलावर ओळीने मांडल्यावर उलगडा झाला. पहिली चार वर्षे दरवर्षी थोडाफार वाढावा, म्हणजे खर्च भागून उरलेली रक्कम, होता. पाचव्या वर्षी एका कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांसाठीचा, निधी आला, उत्पन्न तिप्पट झाले आणि तूट नेमकी तेव्हापासून सुरू झाली. कंपनी सेविकांचे मानधन आणि मुलांचा खाऊ देत होती. जागेचे भाडे, वीजबिल, हिशेबनिसाचा पगार मात्र तिच्या अंदाजपत्रकात बसत नव्हता. शिवाय अहवाल लिहिण्याच्या धावपळीत कोथरूडमधल्या घरोघरी पावतीपुस्तक घेऊन जाणेही थांबले होते, आणि कुठल्याही अटीविना येणारा पैसा तेवढाच होता.

"पण वाढावा ठेवला तर आयकर लागतो ना?" अध्यक्षबाईंनी विचारले. ही भीती मला अनेक संस्थांमध्ये भेटते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी, अशी अपेक्षा असते. उरलेले १५ टक्के कोणतेही कारण न देता राखून ठेवता येतात. या संस्थेने एवढी वर्षे तेही पूर्ण ठेवले नव्हते.

मग देण्यांच्या यादीत एक ओळ दिसली : 'हातउसने, २,१०,०००'. दरवर्षी वाढत गेलेली ही रक्कम काकांचीच होती. ३ लाखांची तूट आता ५ लाख १० हजारांवर गेली.

"पगार सात तारखेच्या आत व्हायला हवेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. ही ओळ अहवालात ठळक येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. मी ती मान्य केली नाही, मात्र रक्कम ताडून पाहण्यासाठी त्यांची नोंद मागितली. काकांनी खिशातून छोटी डायरी काढली. तिच्यातली बेरीज आमच्या आकड्यापेक्षा ५,००० रुपयांनी जास्त निघाली. ते त्यांनी रोख दिले होते आणि पावती करायची राहून गेली होती.