घाटात ओरडते म्हणून?

आम्ही जळगावची सात-आठ माणसं, गाड्यांचं वेड असलेली. रविवारी पहाटे निघायचं, पहूर मागे टाकून फर्दापूरला चहा घ्यायचा, अजिंठा घाट चढायचा आणि ऊन तापायच्या आत घरी परतायचं. माझ्याकडे २०१३ ची डिझेल हॅचबॅक आहे. दोन हजार आरपीएमच्या खाली ती झोपलेली असते. टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकते. त्यासाठी दुसरा गिअर टाकायचा की तिसऱ्यातच काढायचं, हे वळणाच्या आधी ठरवावं लागतं. हे सगळं मला अतिशय प्रिय आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे घाटात ओरडते म्हणून नावं ठेवल्या जाणाऱ्या हायब्रीडच्या, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीच्या, बाजूचं पुढचं लिखाण कुणी गाडीतलं काही न कळणाऱ्याचं मत समजून बाजूला टाकू नये.

आमच्या फैजपूरच्या मोठ्या मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लचला पाय लावू नका असं सांगितलं. मामांनी हायब्रीड घेतली. तपासणीसाठी त्यांना संभाजीनगरला न्यायचं काम माझ्याकडे आलं आणि वर्षभरात ती गाडी मी जवळजवळ सहा हजार किलोमीटर चालवली.

पहिल्या फेरीला आमच्यातला अमळनेरचा मित्र सोबत होता. फर्दापूर सुटलं, चढ लागला, मी पाय दाबला आणि इंजिन एकाच पट्टीत ओरडायला लागलं. वेग सावकाश वाढतोय, आवाज मात्र आधीच वर जाऊन बसलेला. मित्र म्हणाला, “भो, हाई गाडी शे का मिक्सर?” मामा मागे गप्प बसले होते. मला वाईट वाटलं. एवढे पैसे घालून माणसाने गाडी घेतली आहे, आणि आपण तिला दहा मिनिटांत निकालात काढतोय.

त्या रात्री मी बसून ते गिअरबॉक्स समजून घेतलं. माहितीपत्रकात ‘ई-सीव्हीटी’ लिहिलेलं असतं. सीव्हीटी म्हणजे टप्पे नसलेला गिअरबॉक्स, त्यामुळे सगळ्यांना स्कूटरचा पट्टा आठवतो. या पद्धतीत पट्टा नाहीच. १९९७ साली जपानमध्ये पहिली प्रियस आली तेव्हापासून टोयोटाने वापरलेली ही रचना आहे: मधोमध सूर्य गिअर, त्याच्याभोवती ग्रह गिअर, बाहेर दातेरी कडी. इंजिन ग्रहांना जोडलेलं, एक मोटर-जनरेटर सूर्याला, दुसरी मोटर आणि चाकं कडीच्या बाजूला. सूर्य किती फिरवायचा हे संगणक ठरवतो, आणि त्यामुळे चाकांचा वेग तोच असला तरी इंजिन हव्या त्या फेऱ्यांवर चालू शकतं. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, रिव्हर्सचा गिअरसुद्धा नाही. मागे जायला मोटर उलटी फिरते. तुटायला-झिजायला इतकं कमी असलेली मांडणी मी दुसरी पाहिलेली नाही. आम्ही गिअरबॉक्सचे भक्त म्हणवतो ना? मग याच्यासमोर हात जोडायला हवेत.

आता ते ओरडणं. चढावर ताकद जास्त लागते, म्हणून संगणक इंजिनला जिथे ती ताकद मिळते तिथे नेऊन ठेवतो. गिअर बदलत नाही, म्हणून आवाजाला चढउतार नाही. आपला कान वर्षानुवर्षं आवाजावरून वेग ओळखायला शिकलेला आहे, आणि ही गाडी ती सवयच मोडते. तक्रार खरी आहे. घाटात मला अजूनही माझी डिझेलच हवी.

पण घाट उतरायला लागा. मामांची गाडी चार माणसांसह सोळाशे किलोच्या आसपास भरत असेल. एवढं वजन शंभर मीटर खाली आलं की साधारण ०.४४ युनिट ऊर्जा सुटते. गाडीचा वेग धरताना मोटर ती बॅटरीत भरते. या वर्गातल्या गाड्यांची बॅटरी पाऊण युनिटच्या आसपास, आणि तीही संगणक पूर्ण वापरू देत नाही. थोडं रस्त्यात आणि वाऱ्यात जातं हे धरलं, तरी मोठ्या घाटात पायथ्याच्या बऱ्याच आधी बॅटरी भरते. मग उतारासाठी दिलेल्या ‘बी’ मोडमध्ये इंजिन फिरून गाडी धरून ठेवतं, आणि मागे बसलेल्याला वाटतं काहीतरी बिघडलं. मामांना हे कागदावर मांडून दाखवलं. तेव्हापासून घाटात ते शेजारच्याला स्वतः समजावून सांगतात.

आणि सपाटीवर, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर, यावल ते सावदा, केळीच्या ट्रकांमागे? तिथे ही गाडी उलगडते. पन्नाशीचा वेग, पुढे ट्रॅक्टर, उजवा पाय कागदभर उचलला की इंजिन बंद. ब्रेक दुरूनच, हलका आणि लांब दाबायचा. जोरात मारला तर तीच ऊर्जा डिस्कवर तापून जाते. पायाचा हा नाजूकपणा यायला मला दोन महिने लागले. माझ्या वहीत गावातल्या आणि या रस्त्यावरच्या सरासऱ्या लिटरमागे २३-२४ किलोमीटरच्या आहेत. महामार्गावर शंभरने सलग गेलं की १९. साध्या पेट्रोल गाड्यांचं नेमकं उलटं. मे महिन्यात भुसावळच्या फाटकावर मालगाडी संपता संपत नाही, तेव्हा इंजिन बंद ठेवून एसी चालू राहतो, कारण कॉम्प्रेसर विजेवर आहे. पंचेचाळीस अंशांत ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन बसलात की याची किंमत कळते.

बदनामीतला एक भाग तर या गाड्यांचा नव्हेच. आपल्याकडे २०१५ च्या सुमारास मोठ्या ऑल्टरनेटरसारखी (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रासारखी) मोटर लावलेल्या गाड्यांवरही ‘हायब्रीड’ची पट्टी आली. विजेवर एक मीटरही न चालणाऱ्या त्या गाड्या चालवून लोकांनी ठरवलं की हायब्रीड म्हणजे नुसतं नाव. दोन्हींना एकच शब्द, हे मला आजही खटकतं.

आमचीच मंडळी रात्री जागून फॉर्म्युला वन बघतात. तिथे २०१४ पासून सगळी इंजिनं हायब्रीड आहेत. ल माँची चोवीस तासांची शर्यत २०१२ मध्ये ऑडीने पहिल्यांदा हायब्रीडवर जिंकली. ब्रेकमधली ऊर्जा परत वापरणं तिथे कौशल्य, आणि यावलच्या रस्त्यावर मात्र कंजुषी? हे मला पटत नाही.

डिकी लहान झाली आहे. बॅटरीने जागा खाल्ली, केळीचे दोन घड नीट बसत नाहीत. किंमतही टोचते. वर्षानुवर्षं अशा गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून ४३ टक्के होते, विजेच्या गाडीवर ५. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा मोठ्या हायब्रीडवर सरळ ४० टक्के आहे. आवड असलेल्या तरुण पोरांनी ती घ्यावी कशी?

गेल्या महिन्यात अमळनेरच्या मित्राच्या हाती मी स्टिअरिंग दिलं. संध्याकाळ होती, दोन्ही बाजूंना केळी, काचा खाली. मी फक्त पाय कुठे उचलायचा ते सांगत होतो. बराच वेळ तो बोलला नाही. पानांची सळसळ आणि टायरचा आवाज, एवढंच होतं. मग त्याने मीटरकडे पाहिलं.

“इंजिन कव्हय बंद व्हयनं, भो?”

मागून मामा म्हणाले, “मघाच्या पुलापासून.”