शनिवारची पाळी

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, नगरमध्ये. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे मशीनची बटणं दाबणं. खरं काम हाताच्या शिरेचं आहे. रोहिणी आणि शीर जोडून फिस्टुला करतात आणि मग सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. शीर फुगते, जाड होते, मगच ती 16 गेजची सुई सोसते. घाई करून आधीच टोचलं तर रक्त बाहेर झिरपून हात निळाजांभळा होतो आणि कधी कधी तो फिस्टुला कायमचा जातो. दर वेळी जागा बदलून टोचावं लागतं, एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे फुगा येतो. पिकलेल्या फिस्टुलावर बोट ठेवलं की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. आम्ही तिला थ्रिल म्हणतो. मास्तरांचा फिस्टुला गेली सहा वर्षं बहुतेक वेळा मीच टोचते आहे. तो अजून पहिल्यासारखा आहे, याचा मला अभिमान आहे.

मास्तर आमच्याच चर्चच्या मंडळीतले. झेडपीच्या शाळेत होते. किडनी देऊ शकेल असं घरात कोणी नाही, म्हणून त्यांचं नाव पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या केंद्राच्या, यादीत आहे. रक्तगट जुळावा लागतो, डायलिसिसवर काढलेल्या महिन्यांचे गुण मिळतात. बाकी नुसतं थांबणं.

या सहा वर्षांत त्यांना भेटायला येणाऱ्यांचं बोलणं मी पुष्कळ ऐकलं. "विश्वास कमी पडतोय, मास्तर, उपास धरा." डायलिसिसच्या पेशंटला उपास धरा म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो. पण मी तरी काय करत होते? माझं कंत्राट दर 11 महिन्यांनी संपतं, पुन्हा सही होते, आणि दर वेळी मी देवाला तारीख घालून देते. मास्तरांच्या किडनीसाठीही तसंच. या वर्षी, या ईस्टरच्या आत.

गुड फ्रायडेच्या उपासनेत येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर, आमच्या भाषेत सात शब्दांवर, सात जण बोलतात. पाळकसाहेब दर वर्षी पाचवा शब्द मास्तरांकडे देतात, "मला तहान लागली आहे". दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी पिणारा माणूस त्यावर बोलतो, तेव्हा चर्चमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू येतो. त्याच रात्री पुण्याहून फोन आला. किडनी आहे, लगेच निघा, वाटेत काही खाऊ नका. तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात.

दुसरा नंबर म्हणजे काय, हे बाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. पहिल्या पेशंटचं रक्त दात्याच्या पेशींशी जुळवून पाहतात. क्रॉसमॅच बिघडली तर दुसऱ्याला घेतात. नाही बिघडली तर दुसरा घरी जातो. मी रात्रभर गुडघ्यांवर होते. शनिवारी दुपारी निरोप आला, पहिल्याची जुळली.

मास्तरांची शनिवारची पाळी बुडाली होती. रात्री नऊला ते परस्पर युनिटवरच आले, धापा टाकत. वजन 3.8 किलोने वाढलेलं. आमचे इनचार्ज फोन उचलेनात, आणि सोबतचा मुलगा म्हणाला, "मशीन धुऊन झालंय, ताई, सकाळी बघू." श्वास लागलेल्या माणसाला सकाळी बघू म्हणायची ही सवय मला कधीच सहन झालेली नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांकडून लेखी घेतलं, आरओ पुन्हा चालू केला (एका पाळीला 120 लिटर शुद्ध पाणी लागतं), सलाइनने लाइन भरून हवा काढली. पाऊण तासाने सुया लावल्या. लिटर तीनच काढायचं ठरलं. जास्त ओढलं तर बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. उरलेलं सोमवारी.

रक्त फिरू लागलं, त्यांचा श्वास जरा खाली बसला आणि माझाच बांध फुटला. मी म्हणाले, "मास्तर, सहा वर्षं मागतेय मी. देव ऐकत का नाही?"

ते बराच वेळ ट्यूबकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोरी, तिथल्या कॉरिडॉरमध्ये, ज्याची किडनी होती त्या मुलाची आई बसली होती. अपघातात गेला म्हणे. कोणी सांगितलं नाही, पण मला कळलं. माझ्यासमोरच बसली होती. मी किडनी मागायची कधीच सोडलीये. मी कोणाच्या घरचा शुक्रवार मागू?"

"मग सहा वर्षं तुम्ही मागता तरी काय?"

"जो कोणी देणार आहे, त्याच्या घरच्यांना धीर मिळावा म्हणून. ते कोण आहेत, त्यांना अजून माहीत नाही. मलाही नाही. पण त्यांच्यासाठी आधीपासून कोणीतरी प्रार्थना करत असावं. आज त्या बाईंसाठी केली. किडनी दुसऱ्याला गेली म्हणून ती वाया गेली का?"

मला उत्तर सुचलं नाही. व्हीनस प्रेशर, म्हणजे परत जाणाऱ्या रक्ताचा दाब, बघायच्या निमित्ताने मी मशीनच्या मागे गेले. सहा वर्षं मी त्यांच्या हातातली शीर जपत होते. इकडे तारखा टाकत मी देवाच्या मागे लागले होते, आणि त्याच खुर्चीत बसून हा माणूस अनोळखी घरांसाठी हात जोडत होता.

दोन वाजता सुया काढल्या. एका जागेवरचा बोळा मी दाबून धरला, दुसऱ्यावरचा त्यांनी. दहा मिनिटं आम्ही बोललो नाही. मग मी थ्रिल तपासली. चालू होती.

पाच वाजता कबरस्थानात पहाटेची उपासना होती. ते घरी गेलेच नाहीत, स्वेटर घालून तिथे आले. मेणबत्त्या, "ख्रिस्त उठला आहे", मग पाळकसाहेबांनी मोठ्याने प्रार्थना केली, प्रभू, आमच्या मास्तरांना लवकर किडनी मिळू दे. सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. माझ्या शेजारी मास्तरही म्हणाले, स्वच्छ आवाजात. माझे ओठ हलले, पण शब्द आला नाही.