किती पट मोठे दिसते?

निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार पाने घेऊन माझ्या नाशिकच्या खोलीत येतात, तेव्हा टेबलावरचा सूक्ष्मदर्शक पाहून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हा किती पट मोठं दाखवतो?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगतो. डोळ्याजवळचे नेत्रभिंग १० पटींचे, नमुन्याजवळचे वस्तुभिंग ४० पटींचे, म्हणजे ४०० पट. पण रोगाचे निदान या आकड्यावर ठरत नाही.

या साध्या सूक्ष्मदर्शकात उजेड खालून येऊन नमुन्यातून आरपार जातो आणि जे उजेड शोषते ते उजळ पार्श्वभूमीवर गडद दिसते. जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादा अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्ये मांडली: प्रकाशाच्या तरंगलांबीला भिंगाच्या संख्यात्मक छिद्रांकाच्या (भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करते, ते सांगणारा आकडा) दुपटीने भागायचे. माझ्या ४० पटींच्या भिंगाचा छिद्रांक ०.६५ आहे, त्यामुळे हिरव्या उजेडात ही मर्यादा सुमारे ०.४२ मायक्रोमीटर येते. त्यापुढे नेत्रभिंग कितीही मोठे लावले, तरी धूसरपणाच तेवढा मोठा होतो.

खरी अडचण वेगळीच असते. बुरशीचे तंतू जवळजवळ पारदर्शक असल्याने उजळ क्षेत्रात ते हरवून जातात. नवखे लोक मग डायफ्राम, म्हणजे खालचा उजेड कमी-जास्त करणारा पडदा, बंद करत नेतात. कडा ठळक होतात खऱ्या, पण बारकावे पुसले जातात. मी त्यापेक्षा लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू या बुरशीला निळे करणाऱ्या रंगाचा एक थेंब पसंत करतो.

गोडी छाटणीनंतर (फळासाठी केलेली वेलींची छाटणी) पाऊस झाला की पानाखाली पांढरी लव येते. ती केवडा या रोगाची असेल, तर काटकोनात फांद्या फुटलेली इवली झाडे आणि त्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधानी, म्हणजे बीजाणूंच्या पिशव्या, दिसतात. न रंगवता त्या गार पाण्याच्या थेंबात ठेवल्या, तर काही वेळाने त्यांतून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात, आणि ते पाहण्याचा मोह मला अजूनही आवरत नाही. भुरी या दुसऱ्या रोगात मात्र बिनफांदीच्या देठावर पिंपाच्या आकाराच्या बीजाणूंची माळ असते. केवडा ही खरी बुरशीच नव्हे, आणि भुरीला चालणारे गंधक त्यावर चालत नाही. एवढा फवारणीचा निर्णय १०० पटींतच होऊन जातो.

टोमॅटोची चुरडामुरडा झालेली पानेही येतात. हा रोग करणारा विषाणू सुमारे ०.०३ मायक्रोमीटरचा, आमच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. अशा वेळी मी वस्तुभिंग न बदलता पान परत देतो.