दोन फुल्यांचं साल

खानापूरकडच्या काकू आल्या तेव्हा मी एका दुनळीचे घोडे सोडवत बसलो होतो. पावसाळा तोंडावर आला की आमच्या दुकानात रानडुकरांसाठी ठेवलेल्या बंदुकांची रांग लागते. एकनळ्या, दुनळ्या, कधीमधी एखादी ठासणीची. पिस्तूल वर्षात एखादं आलं तर आलं. काकूंनी पिशवीतली मेथीची जुडी बाजूला सारली, खालची फडक्याची पुरचुंडी काउंटरवर ठेवली आणि बरोबरचा पोरगा म्हणाला, "जमा करायचंय. बाबा वारले."

"कधी वारले?"

"संक्रांतीला."

मी आधी त्याला झापलंच. लायसन्सवाला गेला की हत्यार लगेच पोलीस स्टेशनात नाहीतर लायसन्सवाल्या दुकानात जमा करायचं, असा आर्म्स ॲक्टचा नियम आहे. हे चार महिने कपाटात ठेवून बसले, आणि आणलं ते एसटीतून, मेथीखाली. काकू म्हणाल्या, "मोकळंच आहे की ते." सगळेच तसं म्हणतात. पिस्तुलाचं तोंड भिंतीकडे धरून मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढायला गेलो तर दस्त्याच्या बुडातली कडी गंजून घट्ट बसलेली. थोडं तेल, थोडा धीर. मॅगझिन निघालं, वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, ओढून नळीत बघितलं. मोकळंच होतं खरं.

मग लायसन्सचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर चक्क मुंबई राज्याचा शिक्का, म्हणजे १९५६ च्या आधीचा. पुढच्या पानांवरचे शिक्के कन्नड. आधी आजोबांचं नाव, मग मुलाचं. हत्याराच्या रकान्यात इंग्रजीत टाईप केलेलं: मेक ब्रेव्हेट, नंबर १९३४.

मी पिस्तूल परत हातात घेतलं. वरून उघडी स्लाइड, आखूड नळी, मॅगझिनच्या तळाला करंगळी टेकवायला पुढे आलेली नखी, दस्त्याच्या काळ्या प्लास्टिकवर पी आणि बी ही अक्षरं. हे इटालियन कंपनीचं बेरेटा, लांबूनही ओळखू येतं. पण लांबून ओळखून कागद होत नाही. स्लाइडच्या डाव्या अंगाला काळा मळ बसला होता. रॉकेलचा बोळा फिरवला, पुसलं, पांढरा खडू आडवा घासला आणि बोटाने वरची पूड झटकली. खोदलेल्या अक्षरांत तेवढा खडू राहतो. ही युक्ती मला माझ्या उस्तादांनी शिकवली. लष्कराच्या मराठा सेंटरमधून आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हणून रिटायर झालेले, भिंगाला हात लावायच्या आधी खडू मागायचे.

भिंगातून दोन ओळी दिसल्या. वरच्या ओळीत पी. बेरेटा, कॅलिबर ९ कोर्तो, मॉडेल १९३४, ब्रेव्हेट. खालच्या ओळीत गार्दोने व्ही. टी., १९४२, आणि शेवटी दोन फुल्या.

कोर्तो म्हणजे आखूड, नऊ मिलिमीटरचं आखूड काडतूस. ब्रेव्हेट म्हणजे पेटंट. गार्दोने हे इटलीतल्या ट्रोम्पिया खोऱ्यातलं गाव, बेरेटाचा कारखाना तिथलाच. म्हणजे कुठल्या तरी कारकुनाने 'पेटंट' हा शब्द कंपनी म्हणून लिहिला होता आणि मॉडेलचं साल नंबर म्हणून. पुढे प्रत्येक रिन्यूअलला तेच उतरवलं गेलं. दर इलेक्शनला पिस्तूल स्टेशनात जमा होत होतं, त्या पावत्यांवरही १९३४ च. इतक्या वर्षांत कुणी ते उलटं करून उजव्या अंगाला बघितलं नाही. खरा नंबर तिथे आहे, स्लाइडवरही आणि खालच्या सांगाड्यावरही, दोन्हीकडे एकच.

पोराला घाम फुटला. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं बिनलायसन?" कागदापुरतं बोलायचं तर प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, घाबरू नको, वर्णन नीट लिहून अर्ज करू, फोटो जोडू, पुढचं डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरी, ठरवेल.

मागच्या बाजूला, डावीकडे, मुकुट आणि आर ई. रेजियो एझेर्चितो, राजाचं सैन्य. विलायतेत सरप्लस म्हणून विकलेल्या हत्यारांवर बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे हत्यारं तपासणाऱ्या संस्थेचे, ठसे असतात. ते मी नळीपासून दस्त्यापर्यंत शोधले. एकही नाही. हे दुकानातून आलेलं दिसत नव्हतं.

"मामंजींनी केरेनला घेतलं ते," काकू म्हणाल्या. "इटलीवाल्या अफसराकडून. डोंगर चढून गेले, तिथे. रोज रात्री तीच गोष्ट."

मी भिंग खाली ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातलं केरेन इटलीच्या हातून गेलं ते २७ मार्च १९४१ ला. मुसोलिनीने ऑक्टोबर १९२२ मध्ये सत्ता घेतली, तेव्हापासून तिकडे स्वतंत्र सालं मोजायचे आणि ती रोमन आकड्यांत हत्यारांवर ठोकायचे. दोन फुल्या म्हणजे विसावं साल. ते सुरूच झालं १९४१ च्या ऑक्टोबरअखेर. केरेन पडलं तेव्हा हे पिस्तूल जन्मलंच नव्हतं.

सांगू की नको, असं झालं. सांगितलं.

काकूंचा चेहरा बदलला. "मामंजी खोटं बोलले म्हणता?"

मी बटालियन विचारली. पोराने डिस्चार्ज बुकचा फोटो मोबाइलवर दाखवला: मराठा लाइट इन्फंट्री, थर्ड बटालियन. हीच बटालियन केरेनला लढली आणि हीच पुढे इटलीत. १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. "काकू, केरेनला ते होतेच. हे मात्र नंतर हाताला लागलं असणार, बहुतेक इटलीत."

त्या बराच वेळ पिस्तुलाकडे बघत राहिल्या. "इटलीचं कधी एक अक्षर बोलले नाहीत हो," म्हणाल्या. "मी एकदा विचारलं तर पानावरून उठून गेले."

पोराने फोटो काढले. मी नंबर दोनदा ताडून पावती लिहिली: बेरेटा, मॉडेल १९३४, ९ मिमी आखूड, एक मॅगझिन, काडतूस नाही. काकूंनी विचारलं, साल लिहिलं का? पावतीत सालाचा रकाना नसतो. शेऱ्यात लिहिलं, १९४२.