नवल वाटल्याचा चेहरा

शुक्रवार, रात्री

डबा घासायला घेतला तर खालच्या कप्प्यात कडक भाकरीचा तुकडा आणि कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. मी तर गिलक्याची भाजी आणि पोळ्या दिल्या होत्या. विचारलं, तर नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं ते ऑफिसातल्या गोकाकवाल्यांचं. तुझा डबा ते लोक संपवतात, मी त्यांचा खातो."

"कधीपासून?"

"बेळगावात रुजू झाल्यापासूनच की."

मी हसले. बरंच आहे, म्हटलं, माझ्या गिलक्यांना कोणीतरी वाली मिळाला. कढई घासायला घेतली आणि मग एकदम तो रविवार आठवला, आणि हात थांबला.

त्या रविवारी आम्ही पहिल्यांदा खानावळीत गेलो होतो. स्टीलच्या ताटात गरम ज्वारीची भाकरी, बाजूला कडक हवी तर कडक, कच्ची मेथी, कांदा, घट्ट दही, मटकीची उसळ, शेंगाचटणी. आणि एण्णगाई. छोटी वांगी चार फाकांत चिरून आत दाण्याचं, तिळाचं, कारळ्याचं कूट भरलेलं, वर तेलाचा थर. वांगं म्हणजे आम्हा जळगावच्यांचा नाजूक विषय. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरताच्या वांग्यापुढे बाकीची वांगी ही वांगी नव्हेतच, असं मानणाऱ्या घरातून मी आलेय. तरी पहिल्या घासाला गप्प बसले. आणि समोर हा! भुवया वर, डोळे मोठे, "अरे वा, हे काय आहे? काय घातलंय यात?" वाढणाऱ्याला हाक मारून विचारलंसुद्धा. मी कारळं ओळखलं तर मला म्हणाला, "तुझी जीभ म्हणजे ना."

म्हणजे त्याला माहीत होतं. कारळ्यासकट सगळं माहीत होतं. गोकाकवाल्यांच्या डब्यात काय फक्त चटणी येत असेल?

राग नाही आलेला. आला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. इथं चिडायला काही जागाच सापडत नाही. नवऱ्याने ऑफिसात चार लोकांबरोबर बसून जेवावं, आवडीने जेवावं, यात काय वाईट आहे? पण त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून ते शोधलं असं मी धरून चालले होते. ताईला फोनवर "आम्हाला एक सापडलंय" म्हणून सांगितलं होतं. त्याला ते आधीच सापडलेलं होतं. तो पुढे जाऊन, पाय धुऊन बसला होता आणि मला दारातून येताना बघून "अरे, तू पण?" म्हणाला.

मग सुचलं तसं एकेक तपासायला बसले. कुंदा? दूध आटवून साखरेत तपकिरी होईपर्यंत परतलेला, रवाळ. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा बोट चाटलं होतं त्याने. पण सणासुदीला ऑफिसात कुंद्याचा डबा फिरला नसेल? बेळगावात? शक्यच नाही. कुंदा बाद. धारवाडला खाल्लेलं गिरमिट, त्याबरोबरची मिरची भजी? तिथे तिखटाने डोळ्यांत पाणी आलं होतं, ते काही ठरवून येत नाही. ते धरते.

मांडे मात्र नक्की खरे. तिथे आम्ही दोघंही फसलो होतो. आमच्याकडचे मांडे म्हणजे खापरावरची पुरणाची, परातीपेक्षा मोठी, मऊसूत. इथले पिठीसाखर घातलेले, घडी घातलेले, कागदासारखे कुरकुरीत. दुधात कुस्करून खायचे असतात हे कोणी सांगायच्या आत त्याने चावा घेतला आणि सगळी साखर शर्टावर. तो चेहरा खरा होता. असला बावळट चेहरा मुद्दाम करता येत नाही.

मला संशय यायला हवा होता तो काँग्रेस रोडवर. स्कूटरवरून जाताना मागे वळून सांगत होता, 1924 चं अधिवेशन इथे झालं, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव. मी म्हटलं, वाचलंस कुठे? म्हणाला, असंच. हे "असंच" त्याला कोणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलेलं असतं. पत्ता विचारला तर आता "दुसऱ्या गेटापासून आत" म्हणतो, इथलाच असल्यासारखा. मी अजून मॅप उघडते.

त्याला दिवसभर माणसं आहेत. कन्नड कानावर पडतं, चुकलं तर हसणारे आहेत. मला कोण? दूधवाला आणि गणपत गल्लीतला भाजीवाला. तो मला मराठीत भाव सांगतो, शेजारचीला कन्नडमध्ये, तिसऱ्याला हिंदीत, आणि तिघांनाही कोथिंबीर फुकट देत नाही. कॉलेजचं ते राहिलंच. जाऊ दे, त्यावर आज नको. आईचाही फोन घ्यायचा राहिला.

आणि गावाकडे कोणाला सांगावं तर बेळगाव म्हटलं की मावशीचं पहिलं वाक्य, "तिथे मराठी बोललेलं चालतं ना गं?" नाना 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून सुरू करतात, सीमाप्रश्नावरच्या 1967 च्या महाजन अहवालापर्यंत येईतो माझं दूध उतू गेलेलं असतं. ते खोटं बोलत नाहीत. पाट्यांवर 60 टक्के कन्नड हवं हा नियम 2024 मध्ये आला तेव्हाही गाजलं होतं, आणि काही झालं की दोन्हीकडच्या बस बंद होतात, त्या दिवशी मलाही घर लांब वाटतं. पण नाना, मी वांग्यावरून रडतेय, हे कसं सांगू?

रडले नाही तशी. कांदा चिरला होता.

अकरा वाजले. तो झोपलाय, घोरतोय. त्याच्याकडे बघत बसले होते थोडा वेळ आणि एक वेगळंच डोक्यात आलं. हा माणूस लग्नाच्या व्हिडिओत फोटोग्राफर ओरडून थकला तरी हसला नव्हता. माझ्या वाढदिवसाला सरप्राइज द्यायचं ठरवतो आणि सकाळीच सांगून टाकतो. मम्मींसमोर "भाजी छान झालीय" हे एवढंसं खोटं त्याला धड जमत नाही, कान लाल होतात. त्याने अख्खं जेवणभर ते निभावलं. भुवया, डोळे, वाढणाऱ्याला मारलेली हाक. रोज खात असलेली वांगी पहिल्यांदाच खाल्ल्यासारखी खाल्ली, वरून आणखी मागवून. का, तर मला एकटीला नवल वाटायला नको म्हणून. किंवा कदाचित डब्याचं कळू नये म्हणून! ते जास्त संभवतं. दोन्ही असेल. उद्या विचारणार नाही. विचारलं तर कान लाल करून दोन्हीला "हो" म्हणेल.

पण "तुझी जीभ म्हणजे ना" हे तेवढं जास्त झालं. तेवढं माफ नाही.

गिलक्याची भाजी गोकाकवाल्यांना इतकी का आवडते हे मात्र कळत नाही. इथे काळा मसाला मिळत नाही म्हणून असेल. आईकडचा संपत आलाय. आता जळगावहून मागवायचा तो नवऱ्यासाठी नाही, त्याच्या ऑफिससाठी, असा हिशेब झाला.

उद्या शनिवारचा बाजार. रताळी भरपूर आलीयत म्हणे. पिशवी धरायला त्याला नेईन.

वरच्या अक्कांनी आज जिन्यात थांबवलं होतं. त्यांच्या मराठीत आणि माझ्या खाणाखुणांत मिळून एवढं समजलं की सोमवारी दुपारी त्या महिन्याभराच्या कडक भाकऱ्या करणार आहेत आणि मी यायचं आहे. मी थापून दाखवलं, माझी जाड असते, कळण्याच्या भाकरीची सवय. त्या हसून म्हणाल्या, पातळ करायला शिकवते, पीठ आणू नकोस. वर एण्णगाईसुद्धा करणार आहेत, त्यांच्या माहेरच्या पद्धतीची, खानावळीतली काही खरी नव्हे म्हणे.

त्याला सांगितलेलं नाही. मंगळवारी ताटात वाढेन, आणि भुवया कुठपर्यंत जातात ते बघेन.