गोफ, टाचण्या आणि लेस

तुळशीबागेत साडीच्या काठाला लावायची लेस मीटरवर मिळते. दुकानदार ती भराभर मोजतो, कात्री चालवतो, आणि ती कोणी विणली असेल हा विचार आपल्या मनाला शिवतही नाही. माझ्याही मनाला तो शिवला नव्हता. पण बेल्जियममधल्या ब्रूज शहरात, तिथल्या लेस केंद्रात, दुपारच्या वेळी काही बायका कडक उशा पुढ्यात घेऊन बसलेल्या पाहिल्या आणि माझी तिथून उठायची इच्छाच होईना.

उशीवर भोके पाडलेला आराखडा टाचलेला असतो. प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला पेन्सिलीएवढी लाकडी कांडी असते. तिच्यावर दोरा गुंडाळलेला असतो आणि तिच्याच वजनाने तो ताणलेलाही राहतो. या कांड्या जोडीजोडीने चालतात. दोन जोड्या, म्हणजे चार कांड्या, हाती घ्यायच्या. मधल्या दोघींतली डावी उजवीवरून टाकायची, ही झाली अढी. मग प्रत्येक जोडीतली उजवी डावीवरून टाकायची, हा झाला पीळ. बस्स. अढी, पीळ, अढी असे केले की कापडासारखी घट्ट वीण पडते. अढी आणि पीळ एवढ्यावरच थांबले की विरळ, तिरकी जाळी होते. जिथे वीण हलायला नको तिथे आराखड्यातल्या भोकात टाचणी खोचायची. सुई नाही, गाठ जवळजवळ नाहीच. कांड्या एकमेकींवर आपटत होत्या तेव्हा मला शाळेतल्या गोफाची आठवण झाली: वर बांधलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून आपण एकमेकांना ओलांडत नाचायचो आणि डोक्यावर गोफ विणला जायचा. इथे मुलींच्या जागी कांड्या होत्या, इतकेच.

एवढ्या दोन हालचालींतून गावागणिक वेगळी लेस निघावी, याचे मला अजून नवल वाटते. फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएनच्या लेसमध्ये फुले आणि त्यांच्यामागची जाळी एकाच वेळी, त्याच दोऱ्यांनी विणली जातात, त्यामुळे रुंद पट्टीला शेकडो कांड्या लागतात. शांतिलीची लेस प्रसिद्ध झाली ती काळ्या रेशमामुळे. इंग्लंडमधल्या हॉनिटनच्या बायका मात्र एकेक फूल सुटे करून मागाहून जोडतात. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाच्या पोशाखाची लेस त्याच भागातल्या बिअर या गावात अशी तयार झाली. शेकडो कांड्या सांभाळणाऱ्या बाईबद्दल मला आदर वाटतो, पण जीव जडला तो स्लोव्हेनियातल्या इद्रियाच्या लेसवर. हे पाऱ्याच्या खाणीचे गाव. खाणकामगारांच्या घरातल्या बायका लेस विणून संसाराला हातभार लावत. 1876 मध्ये तिथे लेसची शाळा निघाली आणि ती आजही चालू आहे. इद्रियाची लेस मोजक्याच जोड्यांत होते: एक अरुंद पट्टी नदीसारखी वळत जाते आणि जिथे ती स्वतःलाच भेटते तिथे क्रोशाच्या सुईने सांधली जाते.

ही कला आपल्या देशातही आली होती. 1820 च्या सुमारास मार्था मॉल्ट या मिशनरी बाईंनी नागरकोइलच्या मुलींना ती शिकवली. त्यापूर्वीच, 1809 मध्ये, जॉन हीथकोटने कांड्यांच्या जाळीची नक्कल करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. तुळशीबागेतला मीटरचा हिशेब मला तरी तिथूनच सुरू झालेला दिसतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आठ जोड्या घेऊन घरी बसले. चार बोटे पट्टी झाली आणि मग दिसले की सहा ओळी मागे एक पीळ राहून गेला आहे. गोफ सोडवताना आपण उलट्या पावलांनी फिरायचो, तसे टाचणी काढायची, पीळ उलटा, अढी उलटी, पुन्हा टाचणी काढायची. विणायला लागला होता त्याहून जास्त वेळ सोडवायला लागला, आणि राहिलेला पीळ हाती आला तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेली होती.